प्रयोग होणार आहे का हो?

परवा रात्री साडेअकराला मैत्रिणीचा मेसेज आला, "अगं पुढच्या महिन्याची तिकिटं काढू का थांबू? परत साथीच्या बातम्या सुरू झाल्यात." मी उत्तर टाइप करायला घेतलं, तीन वेळा खोडलं, आणि शेवटी "उद्या सांगते" एवढंच पाठवून फोन बाजूला ठेवला. झोप काही लागली नाही. कारण प्रश्न दिसतो दोन ओळींचा पण त्यात पैसे आहेत, घरातली वयस्कर माणसं आहेत, शेजारच्या खुर्चीवर येऊन बसणारा कोणीतरी अनोळखी माणूस आहे, आणि स्टेजवर उभी राहणारी माणसं आहेत ज्यांचं घर आपण गेलो तरच चालतं. मेसेजमध्ये हे सगळं मावेना म्हणून इथे लिहितेय, लांब होईल बहुतेक.

आधी माझा स्वतःचा अनुभव सांगते, कारण माझं जे काही मत आहे ते तिथूनच आलंय.

मार्च २०२०, शनिवार १४ तारखेची तीन तिकिटं होती, मी, आई आणि हीच मैत्रीण. दोन महिने आधी काढलेली, प्लॅन उघडल्या उघडल्या, तिसऱ्या रांगेतली मधली. सोमवारपर्यंत आम्ही कोण कुठे भेटणार याच्याच गप्पा मारत होतो. बुधवारपासून बातम्यांचा सूर बदलला, आणि गुरुवारी मी पहिल्यांदा बुकिंग खिडकीला फोन लावला. "प्रयोग होणार आहे का हो?" पलीकडून दमलेला आवाज, "आत्ता तरी आहे ताई." मी विचारलं, आणि उद्या? "उद्याचं मला उद्याच कळणार." त्यात उद्धटपणा अजिबात नव्हता, सकाळपासून तोच प्रश्न शंभर वेळा ऐकलेला माणूस होता तो, आणि त्याला खरंच माझ्याइतकंच माहीत होतं.

आईला दमा आहे. तिने कपडे काढून ठेवले होते, चष्मा पुसून ठेवला होता. शुक्रवारी सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "मला यायचंय गं, पण तू म्हणशील तसं." हे "तू म्हणशील तसं" मला आजही आठवतं, कारण त्या क्षणी सगळा भार माझ्यावर आला. सरकार काही म्हणत नव्हतं, थिएटर काही म्हणत नव्हतं, नाटकवाले "प्रयोग ठरल्याप्रमाणे" म्हणत होते, आणि आईच्या छातीचं काय होईल ते मी ठरवायचं होतं, जिला विषाणूबद्दल पेपरात वाचलं त्यापलीकडे काहीही माहिती नव्हती. मी साडेदहाला तिन्ही तिकिटं ऑनलाइन कॅन्सल केली. संध्याकाळी सातला प्रयोग अधिकृतपणे रद्द झाला.

आता पुढचं ऐका. ज्यांनी तिकीट कॅन्सल केलं नव्हतं त्यांना सगळे पैसे परत. आम्हाला मेल आला की ग्राहकाने स्वतः रद्द केल्यामुळे परतावा मिळणार नाही. मी चार मेल केले, दोनदा फोन केला, प्रत्येक वेळी त्यांनी तीच ओळ वाचून दाखवली. पैशाचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण जास्त लागलं ते हे की आम्ही जे केलं तेच सगळ्यांनी करावं असं पेपरातून सांगत होते, घरी थांबा, वयस्कर माणसांना जपा, आणि ते ऐकणाऱ्यालाच भुर्दंड पडला. गप्प बसून वाट बघणारा सुटला.

तेव्हापासून मला एक गोष्ट कळलीय, आणि ती मी मैत्रिणीला, आईला, ज्याला त्याला सांगत असते. साथीत नाटक बंद होणं वाईट आहेच. पण त्याहून वाईट असतात ते मधले चार-पाच दिवस, जेव्हा बंद नाही आणि चालूही धड नाही. तेव्हा निर्णय कोणीच घेत नाही, तो वरून खाली घरंगळत घरंगळत तिकीट हातात धरलेल्या माणसापर्यंत येतो.

हे फक्त माझ्याच बाबतीत झालं असंही नाही. लंडनमध्ये त्याच आठवड्यानंतरच्या सोमवारी, म्हणजे १६ मार्च २०२० ला, पंतप्रधान बोरिस जॉन्सन टीव्हीवर येऊन म्हणाले की लोकांनी पब, क्लब, थिएटर टाळावीत. टाळावीत, बंद करा असं नाही. संध्याकाळची वेळ, थोड्या तासांत पडदे उघडायचे होते, वेस्ट एंड या लंडनमधल्या नाटकांच्या भागातल्या थिएटरांनी मग स्वतःहूनच त्या रात्रीपासून बंद केलं. तिथे लगेच प्रश्न उभा राहिला तो विम्याचा. सरकारने आदेश दिला तर ती एक गोष्ट, सरकारने नुसता सल्ला दिला आणि तुम्ही आपणहून बंद केलं तर ती दुसरी गोष्ट. वाचताना मला माझा तो परताव्याचा मेल आठवला. मोठ्या निर्मात्यांचं घोडं जिथे अडलं होतं तिथेच माझ्या तीन तिकिटांचंही अडलं होतं, सल्ला ऐकून वागलात, आता तुमचं तुम्ही बघा.

त्या रात्री जी नाटकं थांबली त्यात 'द माऊसट्रॅप' पण होतं, १९५२ पासून चालू असलेलं. ते परत सुरू झालं १७ मे २०२१ ला. चौदा महिने.

न्यूयॉर्कला चार दिवस आधीच झालं होतं, आणि तिथला घटनाक्रम मी कितीतरी वेळा वाचलाय कारण त्यात प्रेक्षकांची जी ओढाताण दिसते ती मला फार जवळची वाटते. १० मार्चला स्कॉट रुडिन या निर्मात्याने जाहीर केलं की त्याच्या पाच नाटकांची उरलेली तिकिटं १२ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत ५० डॉलरला मिळतील. ब्रॉडवे, म्हणजे न्यूयॉर्कचा नाटकांचा भाग, तिथल्या मानाने हे फारच स्वस्त, एरवी ज्यांना परवडत नाही अशा कितीतरी जणांनी ती घेतली असणार, आणि मी त्यांना अजिबात दोष देणार नाही, मी तिथे असते तर मीही घेतली असती. पण विचार करा ना, आजार वाढतोय म्हणून लोक यायला कचरतायत, आणि खुर्च्या रिकाम्या राहतायत म्हणून तिकीट स्वस्त करून लोकांना आत बोलवायचं. लगेच दुसऱ्या दिवशी, ११ तारखेला, बातमी आली की दोन थिएटरमध्ये काम केलेल्या एका डोअरकीपरची टेस्ट पॉझिटिव्ह आलीय. आणि १२ मार्चला दुपारी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी ५०० पेक्षा जास्त लोक जमवायला बंदी घातली, ब्रॉडवेची ४१ थिएटर संध्याकाळी ५ पासून बंद. म्हणजे ज्या दिवशी स्वस्त तिकिटाचा पहिला प्रयोग व्हायचा त्याच दिवशी कुलूप.

त्याच संध्याकाळी 'सिक्स' या म्युझिकलचा शुभारंभ होता. म्हणजे मेकअप, कपडेपट, फुलं, नातेवाईक शहरात आलेले, सगळं तयार आणि काही तास आधी निरोप की आज नाही. तो "आज नाही" संपायला ३ ऑक्टोबर २०२१ उजाडला.

आणि बंदची मुदत कशी वाढत गेली बघा, सुरुवातीला म्हणाले १२ एप्रिलपर्यंत. एक महिना, आपण सगळ्यांनीच तेव्हा एक महिना म्हटलं होतं. मग जूनपर्यंत, मग सप्टेंबर, मग जानेवारी, मग पुढच्या वर्षीचा मे. ज्यांनी तिकिटाचे पैसे परत न घेता पुढची तारीख घेतली ते तारखांमागून तारखा बदलत बसले. काही नाटकांना परत यायला फार वेळ लागला, काही तर आलीच नाहीत. 'हँगमेन' तेव्हा प्रिव्ह्यूमध्येच होतं, ते तेव्हा शुभारंभाआधीच बंद झालं, दोन वर्षांनी थोड्या बदललेल्या नटसंचात पुन्हा उभं राहिलं. डिस्नेचं 'फ्रोझन' कायमचं थांबलं. मोठे चार खेळ, 'हॅमिल्टन', 'विकेड', 'द लायन किंग', 'शिकागो', परत सुरू झाले १४ सप्टेंबर २०२१ ला. दीड वर्ष. या दीड वर्षात लाईटवाले, ध्वनीवाले, कपडेपट सांभाळणारे, दारावर तिकीट बघणारे यांनी काय केलं असेल हा विचार मला नटांपेक्षा जास्त त्रास देतो, कारण नटाचं नाव तरी लोकांच्या लक्षात राहतं.

माझ्या आईला हे सगळं सांगत होते तेव्हा ती म्हणाली, हे काय आजचं आहे का. बरोबर आहे तिचं. लंडनमध्ये १५९२ च्या उन्हाळ्यापासून १५९४ पर्यंत प्लेगमुळे नाट्यगृहं बहुतांश काळ बंदच होती. १६०३ ला परत. १६३६-३७ ला तर जवळजवळ दीड वर्ष. आणि त्या काळात नाटकाला विरोध करणारे धर्मोपदेशक काय म्हणायचे, १५७७ च्या एका प्रवचनात असं आहे की साथीचं कारण पाप, पापाचं कारण नाटकं, म्हणून साथीचं कारण नाटकं. चर्चमध्ये लोक खांद्याला खांदा लावून बसत होते ते चालत होतं. हे मला अजूनही कुठेतरी दिसतं, बंद करायच्या यादीत नाटक सगळ्यात वर आणि उघडायच्या यादीत सगळ्यात खाली, जणू काही ते नसलं तरी कोणाचं काही अडत नाही.

पण त्या जुन्या लंडनमधली एक गोष्ट मला मनापासून पटते. १६०४ च्या आसपासच्या परवान्यांत असा नियम दिसतो की आठवड्याला प्लेगने मेलेल्यांचा आकडा ३० च्या वर गेला की नाटकं बंद, आकडा खाली आला की परवानगी, पुढे हा आकडा ४० झाला. मृतांची आठवड्याची यादी छापली जायची, गुरुवारी हातात पडायची, आणि ती नाटकवाल्यालाही वाचता यायची आणि प्रेक्षकालाही. आकडा योग्य होता की नाही यावर वाद घालता येईल, यादीत नोंदवले न गेलेले मृत्यूही असणारच. पण नियम काय आहे हे सगळ्यांना आधी माहीत होतं! कोणाला फोन करून विचारायची गरज नव्हती. चारशे वर्षांपूर्वी जमलेली ही गोष्ट आम्हाला २०२० मध्ये त्या शुक्रवारी मिळाली असती तर मी चहा पिताना आईच्या तोंडाकडे बघत बसले नसते.

तेव्हाचा एक मोठा नट होता एडवर्ड ॲलन, १५९३ मध्ये लंडन बंद म्हणून त्याची मंडळी गावोगाव दौऱ्यावर होती. ब्रिस्टलहून त्याने बायकोला लिहिलेलं पत्र अजून जपून ठेवलेलं आहे. तिला लाडाने उंदीर म्हणतो तो, आणि मग सांगतो घर स्वच्छ ठेव, रोज दारापुढे पाणी टाक, खिडक्यांत औषधी पाला ठेव. त्याच पत्रात नारिंगी रंगाचे लोकरी मोजे काळे रंगवून घ्यायला सांगतो आणि बागेतल्या कुठल्या वाफ्यात पालक लावायचा तेही सांगतो. मला हे वाचून भरून येतं. घरापासून लांब, गावात आजार, काम कधी सुरू होणार पत्ता नाही, आणि माणूस मोज्यांचं आणि पालकाचं लिहितोय कारण परत येणार आहोत, थंडी येणार आहे, मोजे लागणार आहेत हे त्याने धरून ठेवलंय.

बरं, बंद करणं हाच एक उपाय आहे का? यावर मी बरंच वाचलं आणि माझं मत थोडं बदललं हे कबूल करते. १९१८ च्या फ्लूच्या साथीत अमेरिकेत फिलाडेल्फियाने ऑक्टोबरच्या सुरुवातीला थिएटर बंद केली, शिकागोनेही त्याच महिन्यात केली. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांनी मात्र चांगली, हवेशीर थिएटर चालू ठेवली, कोंदट आणि घाणेरडी होती ती बंद केली, प्रयोगांच्या वेळा मागेपुढे केल्या म्हणजे सगळी गर्दी एकाच वेळी ट्रेनमध्ये चढणार नाही, आत सिगारेट बंद, आणि खोकणाऱ्या शिंकणाऱ्याला बाहेर काढायचं. लोक एकत्र आलेच आहेत तर पडदा उघडायच्या आधी त्यांना आजाराची माहिती द्यायची असाही त्यांचा विचार होता. न्यूयॉर्कचा मृत्युदर तेव्हा फिलाडेल्फियापेक्षा कमी राहिला, त्याचं श्रेय थिएटरना देता येणार नाही, त्याला दुसरी बरीच कारणं असतात, पण थिएटर उघडी होती म्हणून शहर बुडालं असंही झालं नाही.

दक्षिण कोरियातल्या सोलचं उदाहरण तर आपल्याच काळातलं. २०२० मध्ये जग बंद असताना तिथे 'द फँटम ऑफ द ऑपेरा' चालू होतं, खुर्च्या सोडून बसवणं वगैरे नाही, भरलेलं थिएटर. प्रत्येकाच्या तोंडावर मास्क, दारात ताप बघायचे, प्रश्नावली भरून घ्यायचे, कोण कुठे बसलं त्याची नोंद. मार्चअखेर कंपनीतल्या कलाकारांनाच लागण झाली तेव्हा खेळ साधारण तीन आठवडे थांबला आणि २३ एप्रिलला परत सुरू झाला. थांबायचं कधी, सुरू कधी, प्रेक्षकाने काय करायचं, सगळं आधी ठरलेलं. प्रेक्षकही ऐकणारे होते ही गोष्ट महत्त्वाची, मास्क नाकाखाली ओढून बसणारे असते तर हे जमलं नसतं.

नुसत्या खुर्च्या सोडून बसवणं मात्र नाटकाला परवडतच नाही. जुलै २०२० मध्ये लंडनच्या पॅलेडियममध्ये संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर यांनी एक चाचणी करून पाहिली, २,२०० हून जास्त खुर्च्यांच्या थिएटरमध्ये जेमतेम ६४० माणसं. बर्लिनर आन्साम्बलने तर खुर्च्याच उपटून काढल्या, ७०० च्या २०० केल्या, तो फोटो पाहिला तेव्हा दात पडलेल्या तोंडासारखं वाटलं मला ते थिएटर. बार्सिलोनाच्या लिसेऊ ऑपेरा हाऊसमध्ये जून २०२० ला २,२९२ खुर्च्यांवर झाडांच्या कुंड्या ठेवून वाद्यवृंदाच्या चौघांनी त्यांच्यासमोर वाजवलं, नंतर ती झाडं आरोग्य कर्मचाऱ्यांना दिली. सुंदर होतं. पण झाडं हसत नाहीत, एखाद्या वाक्याला श्वास रोखून धरत नाहीत. नट ज्याच्यावर खेळतो ते समोरून येतं, अर्ध्या रिकाम्या थिएटरात विनोदाची टाळी पडते ती पण एकटी पडते.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. मी तिला पहिलं विचारलं, कसली साथ? ती म्हणाली साथ म्हणजे साथ. नाही गं, तसं नसतं. दूषित पाण्यातून पसरणारा आजार असेल तर शेजारी कोण बसलं याने फारसा फरक पडत नाही, पिण्याचं पाणी घरून न्यायचं. उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस असेल तर कठडे, नळ, दाराचे हँडल, आणि त्याला हाताचं सॅनिटायझर नीट पुरत नाही, साबणानेच हात धुवायला लागतात. गोवर असेल तर मात्र गोष्ट वेगळी, त्याचा विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, म्हणजे दुपारच्या प्रयोगाला आलेला माणूस रात्रीच्या प्रयोगाच्या प्रेक्षकांसाठीही त्रास ठेवून जाऊ शकतो, तिथे लस झालीय की नाही हे एकच बघायचं. आणि फ्लू-कोविडसारखं असेल तर हवा. बंद हॉल, दोन-अडीच तास, सगळे एका दिशेला तोंड करून, हसतायत, खोकतायत. हवा किती खेळती आहे हे डोळ्यांना दिसत नाही पण मोजता येतं, आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र मिळतं, मी गेली काही वर्षं पर्समध्ये ठेवते. बाहेर मोकळ्या हवेत साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो, हॉलमध्ये ८०० च्या खाली असेल तर हवा बरी. मध्यंतरापर्यंत तो आकडा कुठे जातो ते मी बघते आणि खूप वर गेला की मध्यंतरात बाहेर जाऊन उभी राहते, मास्क घालते. शेजारचे विचारतात हे काय आहे, मी सांगते, बहुतेक जण मग थिएटरवाल्यांना विचारतात की एसीत बाहेरची हवा घेता का. विचारलं पाहिजेच.

दुसरी गोष्ट कलाकारांची. प्रेक्षक हजार असतात, त्यातले पन्नास आले नाहीत तर प्रयोग होतो. स्टेजवर मात्र सहा माणसं असतात आणि एक पडला की पडदा अडतो. डिसेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन आला तेव्हा ब्रॉडवेवर बंदी नव्हती, तरी एकेक खेळ रद्द होत होते, कधी प्रेक्षक आत येऊन बसल्यावर. 'थॉट्स ऑफ अ कलर्ड मॅन' मध्ये तर २१ डिसेंबरला लेखक कीनन स्कॉट दुसरे स्वतः स्क्रिप्ट घेऊन भूमिकेत उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी ते नाटक कायमचं बंद झालं, आणि तरीही मला वाटतं त्या रात्री आत बसलेल्या लोकांनी काहीतरी असं पाहिलं जे आयुष्यभर सांगतील. २३ डिसेंबरला 'द म्युझिक मॅन' मध्ये नायिका सटन फॉस्टर आजारी, त्यांच्या जागी कॅथी व्हॉयटको, ज्या स्विंग होत्या, म्हणजे अनेक भूमिका पाठ करून विंगेत थांबणाऱ्या. दुपारी कळलं, दुपारी एकला त्या भूमिकेची पहिली तालीम, रात्री प्रयोग. शेवटी नाटकाचे नायक ह्यू जॅकमन यांनी टाळ्या थांबवून प्रेक्षकांना सांगितलं की हे सगळं या माणसांमुळे उभं आहे. मी तो व्हिडिओ बघून रडले. कारण आपण तिकीट काढताना "अमुक नट असला तरच" म्हणतो, मीही म्हणायचे. आता साथ असो नसो, बदली कलाकार उभा राहिला तर मी उठून पैसे मागायला जात नाही, आणि जाणाऱ्याला मनापासून सांगते की बस, बघ तरी.

पण माझा खरा आग्रह परताव्याचा आहे, आणि यावर मला कोणी कितीही समजावलं तरी मी मागे हटणार नाही. विचार करा, माणसाला सकाळी कणकण वाटतेय, घसा धरलाय. तिकीट महाग, परत मिळणार नाही, तारीख बदलून मिळणार नाही. तो काय करणार? गोळी घेणार आणि येणार. वाईट माणूस आहे म्हणून नाही, महिनाभर थांबून पैसे जमवून काढलंय त्याने तिकीट. त्याला घरी थांबायचं कारण आपण दिलंच नाही. दारात ताप बघायचं यंत्र घेऊन माणूस उभा करता आणि कॅन्सल केलं तर पैसे बुडतील असं तिकिटावर छापता, या दोन्ही गोष्टी एकत्र कशा चालतील? कोविडनंतर थिएटर उघडली तेव्हा बऱ्याच ठिकाणी तिकीट बदलून देणं सोपं केलं होतं, आजारी असाल तर येऊ नका, दुसरी तारीख घ्या. मग हळूहळू ते गेलं. मला वाटतं ते कायमचं राहायला हवं होतं. नाटकवाल्यांचं नुकसान होईल हे मला कळतं, संसर्गजन्य आजाराचा विमा मिळणंही आता कठीण झालंय, छोट्या संस्थेला एका रद्द प्रयोगाचा फटका महिनाभर पुरतो. म्हणून पैसेच परत द्या असं मी म्हणत नाही, तारीख द्या. पुढच्या प्रयोगाची खुर्ची द्या. आणि ज्याला शक्य आहे त्याने रद्द झालेल्या प्रयोगाचे पैसे परत मागू नयेत, मी दोनदा सोडलेत, पण ते माझ्या मनाने, कोणी "परतावा लागू नाही" म्हणून हिसकावून घेतलेले नाहीत. यात फार फरक असतो.

तर मैत्रिणीला मी काल हे सांगितलं. काढ तिकिटं. पण प्लॅनमध्ये मधली तिसरी रांग बघू नको, कडेची, दाराजवळची बघ, खोकल्याची उबळ आली तर उठून जाता येईल. थेट खिडकीवरून काढ, मधल्या साइटवरून नको, म्हणजे काही झालं तर बोलायला माणूस असेल. आईचं तिकीट वेगळं काढू, तिचं त्या दिवशी सकाळी ठरवू, आणि ते तीच ठरवेल, या वेळी मी तिला आधीच सांगितलंय की तू म्हणशील तसं. आपल्या दोघींपैकी ज्याला ताप त्याने सकाळी आठच्या आत कळवायचं आणि दुसरीने "अगं थोडंच आहे ना, चल" असं म्हणायचं नाही. हे शेवटचं तिला थोडं लागलं कारण मागे एकदा असं तिनेच म्हटलं होतं, पण ती हो म्हणाली.

आज सकाळी मीच फोन लावला खिडकीला. आवाज वेगळा होता, तरुण मुलगा असावा. मी विचारलं, "प्रयोग होणार आहे का हो?" तो म्हणाला, "आत्ता तरी आहे ताई." मी म्हटलं, आणि रद्द झाला तर? आणि आम्हीच आजारी पडलो तर? तो जरा थांबला, कोणालातरी विचारून आला, आणि म्हणाला, "रद्द झाला तर पैसे परत. तुम्ही आजारी असाल तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवा, पुढची तारीख देतो. त्याच दिवशी कळलं तरी फोन करा, बघू. नंबर देऊन ठेवा, काही बदललं तर मीच मेसेज टाकीन."

मी नंबर दिला, मैत्रिणीचा पण दिला. तीन तिकिटं, आठवी रांग, कडेची दोन आणि मागची एक.